न्यू जर्सीचा सपीना कॅलिफोर्नियात कसा चालवून घेतला (दुसऱ्या राज्यातून कागद मागवणाऱ्यांसाठी)

जुईचा_वेल

नमस्कार मंडळी,

लेकीच्या खर्चाची रक्कम नव्याने ठरवण्याचं माझं प्रकरण इथे न्यू जर्सीच्या फॅमिली कोर्टात चालू आहे. वकील परवडत नाही, म्हणून स्वतःच लढते आहे. समोरच्या पक्षाने आधी घरून ज्या कंपनीसाठी काम केलं ती कॅलिफोर्नियातली. पगारासोबत तिचे शेअर टप्प्याटप्प्याने हातात पडत होते, आणि ते किती, कधी मिळाले हेच नेमकं उत्पन्नाच्या तक्त्यात आलं नव्हतं. न्यायाधीशांनी कंपनीकडून कागद मागवायची परवानगी दिली. मला वाटलं, झालं काम.

आधी शब्दाबद्दल. सपीना (स्पेलिंगमधला ब उच्चारात येत नाही) म्हणजे साक्षीला या किंवा कागद हजर करा असं सांगणारं कोर्टाचं समन्स. न्यू जर्सीत स्वतः केस लढवणाऱ्यालाही कोर्टाच्या क्लार्कच्या नावाने तो काढता येतो. मी तो काढला, सोबत मागणीची यादी जोडली आणि सर्टिफाइड मेलने थेट कंपनीच्या मुख्य ऑफिसला पाठवला. तीन आठवड्यांनी त्यांच्या विधी विभागाचं दीड पानी पत्र आलं: हा सपीना आमच्यावर बंधनकारक नाही, कॅलिफोर्नियात डोमेस्टिकेट करून (म्हणजे तिथल्या कोर्टाच्या नावाने काढून) आणा.

त्या रात्री मला फार राग आला. परवानगी न्यायाधीशांची, शिक्का कोर्टाचा, तरी हे ऐकत कसे नाहीत? समोरच्या पक्षाला सांभाळून घेत आहेत असंच वाटलं. पण कंपनीचं बरोबर होतं. राज्याच्या कोर्टाचा हात राज्याच्या हद्दीपर्यंतच पोचतो. एका राज्याचा अंतिम निकाल दुसऱ्या राज्याने मानायचा हे अमेरिकेच्या घटनेत आहे, पण सपीना हा निकाल नव्हे. ज्याच्यावर तो बजावायचा तो त्रयस्थ कॅलिफोर्नियात बसलेला, त्याने न्यू जर्सीत काही केलेलं नाही. त्याने कागद दिले नाहीत तर न्यू जर्सीचे न्यायाधीश त्याला जबाबदार धरू शकत नाहीत. ते कॅलिफोर्नियाचं कोर्टच करू शकतं. म्हणून त्या कोर्टाच्या नावाने तोच सपीना पुन्हा निघावा लागतो.

पूर्वी हे फार जिकिरीचं होतं. आपल्या कोर्टाकडून कमिशन किंवा विनंतीपत्र घ्यायचं, दुसऱ्या राज्यात वकील धरायचा, तिथे वेगळा अर्ज दाखल करायचा, तिथल्या न्यायाधीशांची सही मिळवायची. १९२० मध्ये आणि पुन्हा १९६२ मध्ये सगळ्या राज्यांसाठी एकसारखे मसुदे तयार झाले होते, पण मोजक्याच राज्यांनी ते घेतले. २००७ मध्ये युनिफॉर्म लॉ कमिशनने 'युनिफॉर्म इंटरस्टेट डिपॉझिशन्स अँड डिस्कव्हरी ॲक्ट' हा मसुदा आणला आणि तो मात्र बहुतेक राज्यांनी स्वीकारला. कॅलिफोर्नियात तो १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. गाभा साधा आहे: आपल्या राज्याचा सपीना दुसऱ्या राज्यातल्या योग्य कौंटीच्या कोर्ट क्लार्ककडे द्यायचा, आणि क्लार्कने त्याच मजकुराचा स्थानिक सपीना काढून द्यायचा. न्यायाधीश नाही, सुनावणी नाही.

हे वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं. तरीही माझे पुढचे चार महिने गेले.

कॅलिफोर्नियात यासाठी वेगळे छापील फॉर्म आहेत. एसयूबीपी ०३० हा अर्ज. फक्त कागद मागवायचे असतील तर ०३५, माणसाची साक्ष हवी असेल तर ०४०. मी इंटरनेटवर पहिला सापडला तो कॅलिफोर्नियातल्याच केसेससाठी असलेला साधा फॉर्म भरला. अख्खं पाकीट परत आलं, वर पिवळी चिठ्ठी आणि तिच्यावर हाताने लिहिलेला योग्य फॉर्मचा नंबर. ज्या कुणी क्लार्कने तो नंबर लिहिण्याची तसदी घेतली, त्यांची मी आजही ऋणी आहे.

दुसऱ्या वेळी फॉर्म बरोबर होता, पण प्रकरणातल्या सगळ्या वकिलांची आणि वकील नसलेल्या पक्षकारांची नावं, पत्ते, फोन नंबर जोडावे लागतात. मी समोरच्या वकिलांचं सगळं लिहिलं आणि स्वतःचा फोन नंबर राहिला. पुन्हा परत.

तिसऱ्या वेळी क्लार्कने सपीना काढून दिला. फी ३० डॉलर. सोबत पाठवलेल्या, माझाच पत्ता आणि तिकीट लावलेल्या पाकिटातून तो आला. जेवणाच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. एकावर न्यू जर्सीचा केस नंबर, दुसऱ्यावर वर कॅलिफोर्निया सुपीरियर कोर्ट, सांता क्लारा कौंटी, आणि खाली तोच न्यू जर्सीचा नंबर. मागणीची यादी शब्दन् शब्द तीच.

आणि तेव्हा दिसलं की कागद हजर करण्याची तारीख केव्हाच उलटून गेली आहे.

पुढचं सगळं नव्याने केलं. कर्मचारी नोटिशीची आणखी एक मोठी अडचण आली, ती प्रतिसादात लिहीन, इथे फार लांबेल. कुणाला अनुभव असेल, किंवा माझं काही चुकत असेल, तर जरूर लिहा.

---

नाशिकची_द्राक्षं

जुईताई, वाचताना पोटात कालवलं. एकटीने एवढं केलंत. वाचनखूण साठवली आहे.

एक शंका. योग्य कौंटी कोणती हे कसं ठरवलंत? कंपनीचा कायदेशीर पत्ता एका गावात, ऑफिस दुसऱ्या गावात, असं पुष्कळदा असतं.

---

जुईचा_वेल

माझीही इथे चूक होता होता राहिली. सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या नोंदीत कंपनीचा रजिस्टर्ड एजंट सॅक्रामेंटोचा दिसला, म्हणून मी तिथल्या कोर्टाचं नाव लिहिलं होतं. एजंट फक्त कागद हातात घेण्यासाठी असतो. कायदा सांगतो की कागद जिथे हजर व्हायचे किंवा साक्ष जिथे घ्यायची ती कौंटी. माझ्या बाबतीत ती सांता क्लारा. पाकीट बंद करण्याआधी एका जाणकार बाईंनी फोनवर सांगितलं म्हणून वाचले.

---

सांताक्लाराकर

मी इथे एका लॉ फर्ममध्ये पॅरालीगल आहे. बाहेरच्या राज्यांतून येणारे सपीना रोज हाताळतो. हा कायदेशीर सल्ला नव्हे, कामाचा अनुभव म्हणून वाचा.

जुईताईंनी मूळ गोष्ट अचूक मांडली आहे. त्यात माझी भर अशी की क्लार्ककडून सपीना निघणं हा सोपा भाग. लोक अडकतात ते त्यानंतर. सपीना एकदा स्थानिक झाला की तो बजावायचा कसा, मुदत किती, आक्षेप कुणी कधी घ्यायचा, हे सगळं कॅलिफोर्नियाच्या नियमांनी चालतं. तुमच्या राज्यात काय चालतं ते इथे कुणी विचारत नाही.

एक, तो पोस्टाने पाठवून चालत नाही. तो कंपनीच्या अधिकृत व्यक्तीच्या हातात द्यायचा. दोन, नुसते व्यावसायिक कागद मागवले असतील तर ते तुमच्याकडे थेट येत नाहीत, मध्ये डिपॉझिशन ऑफिसर लागतो. बहुतेक वेळा तो कौंटीत नोंदणी केलेला व्यावसायिक फोटोकॉपी करणारा असतो. त्याचं नाव, पत्ता सपीनात हवा. बाहेरगावचे लोक इथे स्वतःचं नाव लिहितात आणि कंपनीचे वकील तेवढ्यावरून सपीना नाकारतात. तीन, हजर करण्याची तारीख सपीना निघाल्यापासून किमान २० दिवस आणि बजावल्यापासून किमान १५ दिवस, यातली जी नंतरची ती. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, तुमच्या राज्यातला मूळ सपीना काढतानाच तारीख दोन-अडीच महिने पुढची टाका.

आता कर्मचारी नोटिशीबद्दल, कारण जुईताई तिथेच अडकल्या असणार असा माझा अंदाज आहे. कुणाच्या नोकरीचे कागद मागवले, मग तो माणूस आजी कर्मचारी असो वा माजी, तर आधी त्याला नोटीस द्यावी लागते की तुमचे कागद मागवत आहोत, हरकत असेल तर घ्या. ही नोटीस कंपनीवर सपीना बजावण्याच्या किमान पाच दिवस आधी आणि कागद हजर करण्याच्या तारखेच्या किमान दहा दिवस आधी पोचायला हवी. टपालाने पाठवली तर मुदत वाढते: कॅलिफोर्नियातल्या कॅलिफोर्नियात पाच दिवस, आणि टपाल टाकण्याची जागा किंवा पत्ता यातलं काहीही राज्याबाहेरचं असेल तर दहा. नोटीस दिल्याचा पुरावा सपीनासोबत कंपनीला द्यावा लागतो. तो नसेल तर कंपनी कागदाला हातही लावत नाही, आणि तसं वागणं तिला भागच आहे. बँक, डॉक्टर, शाळा यांच्याकडच्या ग्राहकांच्या कागदांनाही असाच नियम आहे.

---

जुईचा_वेल

अंदाज तंतोतंत. माझा दुसरा सपीना या एका कारणाने परत आला. मी टपालाने नोटीस पाठवली, कॅलेंडरवर पाच दिवस मोजले, सहाव्या दिवशी प्रोसेस सर्व्हरला (कोर्टाचे कागद बजावणाऱ्या माणसाला) सपीना बजावायला सांगितला. न्यू जर्सीतून टाकलेल्या टपालाचे दहा दिवस वाढतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हा प्रतिसाद आठ महिन्यांपूर्वी वाचायला मिळाला असता तर!

तिसऱ्यांदा मी नोटीस टपालाने पाठवलीच नाही. माणसाकरवी हातात दिली.

---

दातांची_डॉक्टर

मी पलीकडच्या बाजूचं सांगते. ओहायोत माझं छोटं क्लिनिक आहे. मागे मिशिगनमधून एका रुग्णाच्या फायलीसाठी सपीना आला, मिशिगन कोर्टाचा, साध्या टपालाने. माझी रिसेप्शनिस्ट घाबरली आणि फाइल स्कॅन करायला बसली. मी थांबवलं.

कारण दोन. बाहेरच्या राज्याचा सपीना ओहायोत क्लार्ककडून काढून घेतल्याशिवाय माझ्यावर बंधनकारक नाही. आणि समजा तो ओहायोचा असता, तरी न्यायाधीशांच्या सहीशिवायच्या सपीनावर रुग्णाची माहिती देण्याआधी हिपाच्या (रुग्णांची माहिती गुप्त ठेवण्याच्या अमेरिकी कायद्याच्या) नियमानुसार मला खात्री मिळायला हवी: एकतर रुग्णाला कळवलं गेलं आहे, किंवा ती माहिती गुप्त ठेवण्याचा आदेश मागितला आहे. दोन्हीतलं काही सोबत नव्हतं. मी फाइल दिली असती तर रुग्णाचा विश्वास मीच मोडला असता.

पण कागद कचऱ्यात टाकला नाही. पाठवणाऱ्या वकिलांना लेखी कळवलं की तुमचा सपीना इथे लागू नाही, फाइल मात्र जशीच्या तशी सुरक्षित ठेवली आहे. पाच-सहा आठवड्यांनी सगळं रीतसर आलं आणि आम्ही कागद दिले. ज्यांच्या हातात असा कागद पडेल त्यांनी गप्प बसू नये, उत्तर द्यावं. समोर एखादी जुईताई एकटी झगडत असते, तिला कारण कळलं तर ती दुरुस्त तरी करू शकते.

---

जुईचा_वेल

डॉक्टर, शेवटची ओळ वाचून डोळ्यांत पाणी आलं. त्या दीड पानी पत्राचा मला इतका राग आला होता, पण त्यांनी निदान कारण लिहिलं होतं.

---

सातारी_कंदी

प्रश्न जरा वेगळा. माझा मावसभाऊ इलिनॉयमध्ये राहतो. फ्लोरिडात फिरायला गेला असताना त्याच्यासमोर मारामारी झाली, एक जण गंभीर जखमी. आता फ्लोरिडाच्या सरकारी वकिलांकडून फोन आला की खटल्यात साक्ष द्यायला यावं लागेल. तोही असाच क्लार्ककडून कागद काढून येणार का?

---

सांताक्लाराकर

नाही. फौजदारी खटल्यांसाठी कायदाच वेगळा आहे, आणि खूप जुना. दुसऱ्या राज्यातला साक्षीदार बोलावण्याचा समान कायदा १९३१ चा, १९३६ मध्ये सुधारलेला, आणि तो सगळ्या राज्यांनी घेतला आहे. त्यात न्यायाधीश लागतातच, तेही दोन्हीकडचे. फ्लोरिडाचं कोर्ट प्रमाणपत्र देतं की हा साक्षीदार महत्त्वाचा आहे. मग इलिनॉयमध्ये, भाऊ राहतो त्या कौंटीच्या न्यायाधीशांसमोर सुनावणी होते. साक्ष खरंच आवश्यक आहे का, जाण्याने त्याची अवाजवी ओढाताण होते का, हे ते बघतात आणि मग समन्स काढतात. प्रवासखर्च आधी द्यावा लागतो. शिवाय साक्षीसाठी जाताना त्याला फ्लोरिडात आधीच्या एखाद्या जुन्या गोष्टीसाठी अटक करता येत नाही, तसं संरक्षण कायद्यातच आहे. एका राज्याने आपल्या हद्दीतल्या माणसाला असं दुसरीकडे पाठवणं घटनेत बसतं का, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. १९५९ मध्ये न्यूयॉर्क विरुद्ध ओनील या खटल्यात कोर्टाने कायदा वैध ठरवला, आणि त्यातही फ्लोरिडा होतंच, फक्त साक्षीदाराला बोलावणारं राज्य न्यूयॉर्क होतं आणि पाठवायचं होतं फ्लोरिडाने.

भावाला सांगा, फोनवर हो-नाही करण्याआधी लेखी काय येतं ते पाहा, आणि सुनावणीची तारीख आली तर चुकवू नका.

---

सातारी_कंदी

खूप आभार दादा. त्याला आत्ताच पाठवला हा प्रतिसाद.

---

कोथरूडकर_वकील

मी पुण्यात दिवाणी वकिली करतो. धागा अमेरिकेचा आहे, तरी थोडं अवांतर, कारण इथल्या पक्षकारांना मुलं तिकडून फोन करून हेच विचारतात.

आपल्याकडे राज्याची सीमा अशी आडवी येत नाही, कारण दिवाणी प्रक्रिया संहिता केंद्राची आहे. पुण्याच्या कोर्टाचं समन्स बंगळुरूच्या माणसाला बजावता येतं, कलम २८ त्यासाठीच आहे आणि कलम ३१ मुळे ते साक्षीदारांनाही लागू होतं. कागद नुसते पाठवून दिले तरी ऑर्डर १६ नियम ६ प्रमाणे चालतं. आपल्याकडे आडवं येतं ते अंतर. ऑर्डर १६ नियम १९ म्हणतो, साक्षीदार कोर्टाच्या हद्दीबाहेर १०० किलोमीटरपेक्षा लांब राहत असेल तर त्याला जातीने यायला भाग पाडता येत नाही. पाच-षष्ठांश अंतर रेल्वेने किंवा नियमित सार्वजनिक वाहनाने जाता येत असेल तर ही मर्यादा ५०० किलोमीटर. त्यापलीकडच्यासाठी ऑर्डर २६ खाली कमिशन नेमून साक्ष नोंदवतात. बँकेच्या वह्या मागवायच्या तर १८९१ चा बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट आहे. बँक पक्षकार नसेल तर कोर्टाच्या खास आदेशाशिवाय बँकेच्या अधिकाऱ्याला वह्या हजर करायला लावता येत नाहीत, प्रमाणित प्रती चालतात.

आता महत्त्वाचं. अमेरिकेतला सपीना पुण्यातल्या माणसाच्या ईमेलवर आला तर? त्याला इथे बळ नाही. २००७ मध्ये भारत हेग पुरावा करारात (परदेशातून पुरावा मागवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात) सामील झाला, तेव्हा रस्ता विनंतीपत्राचा. आणि खटल्याआधी कागद चाळण्यासाठी आलेल्या विनंत्या आम्ही पूर्ण करणार नाही अशी नोंद भारताने करारातल्या २३ व्या कलमाखाली केलेली आहे. त्यामुळे कंपनीची इथली शाखा पकडून कागद मिळतील अशा आशेवर कुणी राहू नये.

जाता जाता एक. पेनसिल्व्हेनियातही जुईताईंनी सांगितलेला २००७ चा कायदा आहे आणि तिथे दिवाणी कोर्टाच्या क्लार्कला प्रोथोनोटरी म्हणतात. मुंबई हायकोर्टातही 'प्रोथोनोटरी अँड सीनियर मास्टर' हे पद आजतागायत आहे. शब्द इतक्या लांब दोन ठिकाणी टिकून आहे याचं मला फार अप्रूप वाटतं.

---

नाशिकची_द्राक्षं

काका, उलटं असेल तर? म्हणजे पुण्याच्या कोर्टात केस आणि कागद अमेरिकन कंपनीकडे?

---

कोथरूडकर_वकील

विनंतीपत्राचा रस्ता आहेच. त्याशिवाय अमेरिकेच्या संहितेत, शीर्षक २८ मध्ये, कलम १७८२ आहे. परदेशी कोर्टातल्या कामासाठी, ज्याचा त्यात संबंध आहे असा कोणीही तिथल्या फेडरल जिल्हा कोर्टाकडे थेट अर्ज करू शकतो. देणं न देणं त्या न्यायाधीशांच्या विवेकावर. खासगी लवादासाठी मात्र ते नाही, २०२२ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने झेडएफ ऑटोमोटिव्हच्या निकालात ते स्पष्ट केलं.

---

फिलीचा_पांडू

फेडरल कोर्टात केस असेल तर यातलं काही करावं लागतं का?

---

सांताक्लाराकर

नाही. डिसेंबर २०१३ पासून फेडरल नियम ४५ बदलला आहे. ज्या कोर्टात केस आहे तेच कोर्ट सपीना काढतं आणि तो देशात कुठेही बजावता येतो. फक्त हजर राहण्याची जागा माणसाच्या राहत्या किंवा कामाच्या ठिकाणापासून १०० मैलांच्या आत हवी, आणि वाद झाला तर तो ज्या जिल्ह्यात पालन व्हायचं तिथल्या फेडरल कोर्टात आधी जातो. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा ही कामं राज्याच्या कोर्टात चालतात, त्यामुळे आपल्या बहुतेक लोकांच्या नशिबी हाच लांबचा रस्ता येतो.

आणखी एक विचारलं जातं म्हणून. दुसऱ्या राज्याच्या क्लार्ककडे सपीना मागणं म्हणजे तिथल्या कोर्टात हजर होणं नव्हे, कायद्यातच तसं लिहिलं आहे. म्हणून तुमचा न्यू जर्सीचा वकील ते करू शकतो. इथला परवानाधारक वकील धरला तर क्लार्ककडे जावंच लागत नाही, तो स्वतः सपीना काढू शकतो. न्यूयॉर्कमध्येही तसंच आहे. पण कंपनीने नकार दिला आणि कोर्टाकडून हुकूम मिळवायचा झाला, तर तो अर्ज इथल्या सुपीरियर कोर्टात, इथल्या नियमांनी. तेव्हा मात्र इथलाच वकील लागतो.

---

जुईचा_वेल

तीच भीती माझ्या मनात शेवटपर्यंत होती. समोरच्या पक्षाला सपीना रद्द करून घ्यायचा असता तर त्यालाही कॅलिफोर्नियातच अर्ज करावा लागला असता, हजर करण्याच्या तारखेच्या निदान पाच दिवस आधी. मी रोज सकाळी टपालपेटी उघडायची ती छाती धडधडतच. अर्ज आला नाही.

तारखेनंतर आठवड्याने फोटोकॉपी करणाऱ्यांकडून जाड पाकीट आलं. वर कंपनीच्या रेकॉर्ड सांभाळणाऱ्या व्यक्तीचं शपथपत्र, खाली ६१ पानं. त्यातल्या चौदाव्या पानावर शेअर हातात पडल्याच्या तारखा, एकाखाली एक. लेक शेजारी बसून गृहपाठ करत होती. तिने विचारलं, आई, हे एवढं काय आहे? मी म्हटलं, तुझ्या शाळेच्या फीचे कागद.

पुढची तारीख येत्या महिन्यात आहे. शपथपत्राची मूळ प्रत न्यू जर्सीच्या कोर्टाला चालेल की त्यासाठी आणखी काही जोडावं लागेल, हे कुणाला ठाऊक असेल तर सांगा. मी रात्री दहानंतर इथे असते.